चुनखडीचा कडा आणि दोर धरणारा हात

— द्वितीय वर्ष, कला

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना भागात चुनखडीच्या मोठ्या खाणी आहेत. त्यांपैकी एका खाणीत माझे वडील ड्रिल मशीनवर काम करतात. त्यामुळे चुनखडक म्हणजे ज्याला भोक पाडायचे, सुरुंग लावायचा, डंपरमध्ये भरायचा आणि क्रशरकडे पाठवायचा असा एक दगड, एवढीच माझी लहानपणापासूनची समजूत होती. बाबांच्या कपड्यांवरची पांढुरकी धूळ झटकताना आई म्हणते, ‘हा दगड रोज आपल्या घरी जेवायला येते.’ त्या दगडाबद्दल कधी लेख लिहीन असे मला वाटले नव्हते.

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी चुनखडी प्रदेशातील भूरूपे शिकवली. बोलता बोलता ते म्हणाले की, युरोपात आणि इतरत्र अशा चुनखडीच्या कड्यांवर चढणे हा एक खेळ आहे आणि तो शिकवणारे वाटाड्ये असतात. तास संपल्यावर मी सरांकडून त्या विषयावरचे एक पुस्तक मागून घेतले. घरी सुटीत गेले तेव्हा बाबांना त्यातली चित्रे दाखवली. लोक दगडावर उगाच कशाला चढतात, असे ते विचारतील असे मला वाटले. पण बाबांनी चित्र नीट न्याहाळले आणि एवढेच विचारले, ‘अन् खाली दोर कोन धरते?’

प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. ज्या बेटाचे उदाहरण मी घेतले आहे तेथे मी गेलेली नाही. वाचन, सरांशी झालेली चर्चा, काही चित्रफिती आणि एका शिबिरातला दोन दिवसांचा अनुभव एवढीच माझी शिदोरी आहे.

दगडाचा स्वभाव

आपला सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा कातळ तयार झाला. तो अग्नीचा पुत्र आहे. चुनखडक मात्र पाण्याचा. शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव यांचे अवशेष समुद्राच्या तळाशी साचत जातात, वरच्या थरांच्या भाराने दाबले जातात आणि त्यांचा खडक होतो. बहुतेक चुनखडक असा बनलेला आहे. त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट.

हा दगड घणाला दाद देत नाही, पण पावसाच्या पाण्यापुढे मात्र हार खातो. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की ते पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक हळूहळू विरघळवते. हजारो वर्षे हे काम चालू राहिले की कड्याला भोके पडतात, खोबणी होतात, आत गुहा तयार होतात. पुढे तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकू लागले की विरघळलेला चुना थेंबाथेंबाने मागे ठेवते. छतापासून खाली लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ असे तयार होतात. भिंतीवरून ओघळलेल्या चुन्याच्या उभ्या फासळ्याही बनतात. त्यांना चढणारे लोक ‘टुफा’ म्हणतात.

चढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, चुनखडीचा कडा दिसायला सपाट असला तरी त्याच्या अंगावर बोटांसाठी जागा असतात. कुठे दोन बोटे मावतील एवढे भोक असते, कुठे पंजाने आवळता येईल अशी फासळी असते, कुठे करवतीसारखी धारदार कड असते. मात्र पाण्याने दिलेली ही पकड माणसामुळे जाते देखील. जेथे फार लोक चढतात तेथे हातापायांच्या घासण्याने चुनखडक देवळाच्या उंबरठ्यासारखा गुळगुळीत होतो. शिवाय आतून पोकळ झालेला दगड बाहेरून धडका दिसतो. म्हणून वाटाड्या पहिल्याच दिवशी शिकवतो की, संशय आला तर मुठीने ठोकून पाहा आणि आवाज ऐका. हे वाचताना मला हसू आले. खाणीत बाबाही दगडाला हातोडी मारून, कान देऊन मगच पुढे पाऊल टाकतात.

खेळाचा जन्म

पूर्वी कडा चढताना खालून वर जात जात भेगांत मेखा ठोकत. अवघड जागी त्याच मेखेला धरून किंवा तिला दोरीची पायरी अडकवून वर जाण्याची पद्धत होती. जर्मनीतील फ्रँकनयुरा हा चुनखडीच्या कड्यांचा प्रदेश आहे. तेथे १९७५ साली कुर्ट आल्बर्ट या तरुणाने एक वेगळाच पायंडा पाडला. मेखेला किंवा दोराला न धरता, केवळ हातापायांच्या बळावर एखादी वाट चढता आली की तो तिच्या पायथ्याशी लाल रंगाचा ठिपका काढी. दोर आणि मेखा राहिल्या, पण त्यांचे काम बदलले. त्यांनी वर ओढायचे नाही, पडलो तर झेलायचे. या खेळाचे सारे तत्त्व त्या लाल ठिपक्यात आहे असे मला वाटते.

याच सुमारास फ्रान्समधील व्हेर्दों नदीच्या प्रचंड घळईत चढणाऱ्यांनी कड्याच्या माथ्यावरून दोराने खाली उतरून दगडात भोके पाडून बोल्ट बसवण्यास सुरुवात केली. ठरावीक अंतरावर भक्कम बोल्ट असल्यामुळे जीव मुठीत न धरता अधिकाधिक अवघड चढाई करून पाहणे शक्य झाले. १९८५ साली इटलीतील बार्दोनेक्किया येथे नैसर्गिक कड्यावर या खेळाची मोठी स्पर्धा झाली. १९९१ साली वोल्फगांग ग्युलिच याने त्याच फ्रँकनयुरात ‘आक्शन दिरेक्ट’ नावाची वाट चढून अवघडपणाची नवी पायरी गाठली. पुढे हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, त्यात तो प्रथम खेळला गेला. मात्र तेथे भिंत कृत्रिम असते. तिच्यावरची प्रत्येक पकड कोणीतरी मापून बसवलेली असते. नैसर्गिक कड्याची पकड कोणी बसवलेली नसते. ती आपली आपण शोधावी लागते, आणि म्हणूनच तेथे शिकवणाऱ्याची गरज अधिक भासते.

कालिम्नोसचे पाणबुडे

ग्रीस देशाच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ कालिम्नोस नावाचे बेट आहे. उजाड, खडकाळ, शेतीला फारसा वाव नसलेले. तेथील माणसे पिढ्यान्पिढ्या समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढत. जुन्या पद्धतीत पाणबुड्या दहा-पंधरा किलोचा एक चपटा दगड हातात धरून खोल जाई. दगडाला बांधलेला दोर वर नावेतल्या सोबत्याच्या हाती असे. पाणबुड्याने इशारा केला की सोबती त्याला वर ओढून घेई. दोर धरणाऱ्या या माणसाला तेथील भाषेत ‘कोलाउझिएरिस’ म्हणत. या शब्दाचे मूळ तुर्की भाषेत आहे, आणि त्या मूळ शब्दाचा अर्थ आहे वाटाड्या!

१८६० नंतरच्या दशकात या भागात हवेच्या नळीचा पाणबुडी-पोशाख आला. आता माणूस अधिक खोल आणि अधिक वेळ राहू लागला. पण खोल पाण्याच्या दाबाखाली रक्तात मिसळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे कोणी त्यांना सांगितले नव्हते. कित्येक जण मेले, कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. त्याआधी गेलेल्यांना ती कोठून मिळणार? कालिम्नोसच्या लोकांत ‘मिखानिकोस’ नावाचे एक नृत्य आहे. त्यात नाचणाऱ्यांचा म्होरक्या काठी टेकत, थरथरत्या पायांनी लुळ्या पाणबुड्याची नक्कल करतो.

साधन नवे आले आणि ते कसे वापरावे हे सांगणारा आला नाही, तर काय होते याचे यापेक्षा बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

१९८६ च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात स्पंजांवर रोग पडला आणि आधीच उतरणीला लागलेला तो धंदा बसला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९६ साली, आंद्रेआ दी बारी नावाचा इटालियन चढाईपटू या बेटावर आला. त्याने गावांमागचे करडे-नारिंगी कडे पाहिले. दुसऱ्या वर्षी तो सोबत्यांसह परतला आणि बोल्ट बसवून पहिल्या वाटा तयार केल्या. आज तेथे तीन हजारांहून अधिक वाटा आहेत. मासूरी गावाच्या वर ‘ग्रांदे ग्रोत्ता’ नावाची विशाल गुहा आहे. तिच्या छतापासून लवणस्तंभ झुंबरांसारखे लोंबतात आणि माणसे त्यांना मिठी मारत मारत चढतात. पण त्याच बेटावर नवशिक्यासाठी कललेल्या, खरबरीत पकडीच्या सोप्या वाटाही पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात दगड तापतो म्हणून लोक वसंतात आणि शरदात येतात. ज्या बेटाची तरुण मुले एके काळी समुद्राच्या तळाशी जात, त्या बेटावर आता जगभरची तरुण मुले आकाशाच्या दिशेने चढायला येतात. दोन्हीकडे जीव दोराला बांधलेला आणि दोर दुसऱ्याच्या हाती.

वाटाड्याची शाळा

आता मुख्य विषयाकडे वळू. नवशिक्याला वाटाड्या काय शिकवतो?

प्रथम साहित्याची ओळख. कमरेला आणि मांड्यांना बसणारा पट्टा, म्हणजे हार्नेस. डोक्याला शिरस्त्राण. रबरी तळव्याचे घट्ट जोडे. घामेजलेल्या बोटांसाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी. दोर साठ ते ऐंशी मीटर लांबीचा. बोल्टाला दोर अडकवण्यासाठी दोन कड्या आणि मध्ये पट्टी असलेले क्विकड्रॉ. आणि दोर धरणाऱ्याच्या कमरेला लावायचे छोटेसे यंत्र, ज्यातून दोर घर्षणाने अडतो. खाली उभे राहून दोर सांभाळण्याला आपल्याकडचे चढाईपटूही ‘बिले देणे’ असेच म्हणतात.

पहिल्या धड्यात दोर आधीच वर, कड्याच्या टोकाच्या कड्यांतून ओवलेला असतो. त्यामुळे चढणारा निसटला तरी हातभरच खाली येतो. येथे विद्यार्थी पायांवर विश्वास ठेवायला शिकतो. नवशिक्या नेहमी हातांनी लोंबकळतो. वाटाड्या खालून सांगतो की, हात सरळ ठेव, पायाकडे बघ, वजन पायावर घे. शिडी चढताना आपण हातांनी स्वतःला ओढत नाही, पायांनी उचलतो. कड्यावरही तेच करायचे असते, पण भीतीमुळे हा साधा नियम विसरला जातो.

दुसरा धडा बिले देण्याचा. त्यात एकच नियम मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखा आहे. दोराच्या खालच्या टोकाकडचा हात कधीही, कोणत्याही कारणाने सोडायचा नाही. माशी बसली, नाकाला खाज आली, कोणी हाक मारली, तरी तो हात दोरावरच.

तिसरा धडा पुढाकाराच्या चढाईचा, म्हणजे ‘लीड’चा. येथे वर दोर नसतो. चढणारा दोर आपल्याबरोबर नेतो आणि वाटेतल्या प्रत्येक बोल्टाला अडकवत जातो. शेवटच्या बोल्टाच्या दोन मीटर वर असताना तो पडला, तर प्रथम दोन मीटर बोल्टापर्यंत आणि मग दोन मीटर बोल्टाखाली, असा निदान चार मीटर पडतो. दोराच्या ताणाचे आणि ढिलाईचे अंतर वेगळे. दोर पायाच्या मागून गेला असेल तर पडताना माणूस उलटा होतो. दोर क्विकड्रॉत उलट्या बाजूने अडकवला तर तो आपोआप सुटू शकतो. या चुका पुस्तकात वाचून कळतात, पण स्वतःच्या हातून होत असताना दिसत नाहीत. त्यासाठी शेजारी कोणीतरी उभे असावे लागते.

अर्धी गाठ

सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र चढण्याआधीचा आहे. जोडीतील दोघांनी दरवेळी, जमिनीवर उभे असतानाच, एकमेकांची तपासणी करायची. तुझ्या पट्ट्याचे बक्कल नीट लागले का? तुझी आठाच्या आकाराची गाठ पूर्ण ओवली आहे का? माझ्या यंत्रात दोर बरोबर बाजूने गेला आहे का? कडीचे कुलूप फिरवले का? डोळ्यांनी पाहायचे आणि हातानेही चाचपायचे.

ही तपासणी नवशिक्यांसाठीच आहे असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी एक घटना सांगते. लिन हिल ही अमेरिकन स्त्री तिच्या काळातील जगातल्या सर्वोत्तम चढाईपटूंपैकी एक. मे १९८९ मध्ये ती फ्रान्समधील ब्यू येथील चुनखडीच्या कड्यावर एका वाटेवर चढली. तिच्या योग्यतेला ती वाट सरावाची होती. चढण्यापूर्वी तिने दोर पट्ट्यातून ओवला, पण मध्येच लक्ष दुसरीकडे गेले आणि गाठ अर्धीच राहिली. अंगावरच्या जाकिटाखाली ती झाकली गेली. वर पोचल्यावर खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकला आणि दोर निघून आला. सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून ती कोसळली. झाडाच्या फांद्यांनी वेग कमी केला म्हणून वाचली. कोपर निखळले, पाय मोडला. बरी होऊन ती पुन्हा चढू लागली आणि १९९३ साली योसेमिटीच्या प्रसिद्ध ‘नोज’ कड्यावर आधी कोणालाही न जमलेली मुक्त चढाई तिने केली. पण ब्यूच्या कड्यावर तिच्या कौशल्यात काही उणे नव्हते. उणी होती ती, ‘थांब, गाठ दाखव,’ असे म्हणणाऱ्या माणसाची.

हा प्रसंग मी बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. खाणीत बेंचच्या काठाशी ड्रिल करताना कमरेला पट्टा बांधून त्याचा दोर मागे अडकवायचा असतो. एके सकाळी त्यांनी पट्टा बांधला, पण दोर अडकवायचा राहिला. वीस वर्षांचा अनुभव असलेले माझे बाबा तसेच काठाकडे निघाले होते. नुकताच कामावर लागलेला हेल्पर पोरगा भीत भीत म्हणाला, ‘काका, मागं दोर नाही लावला तुम्ही.’

‘त्या पोरानं तोंड उघडलं म्हणून मी आज इथं बसलो हाये,’ बाबा म्हणाले. ‘विचारलं तं कोनाची इज्जत जात नाही, पोरी.’

पडण्याचा धडा

वाटाड्या मुद्दाम पडायलाही शिकवतो. आधी बोल्ट कमरेजवळ असताना हात सोडायचा, मग थोडे वर जाऊन. याचे कारण असे की, पडण्याची भीती वाटणारा माणूस दगड आवळून धरतो, दमतो आणि त्यामुळेच पडतो.

पडणारा माणूस वाचतो तो दोराच्या ताणल्या जाण्यामुळे. घण दगडावर पडला तर ठिणगी उडते, मातीच्या ढिगावर पडला तर नुसता धप्प आवाज होतो. थांबायला वेळ आणि अंतर मिळाले की आघात कमी होतो. चढाईचा दोर म्हणूनच लवचिक बनवलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा एकेरी दोराची चाचणी ८० किलो वजनाने घेतात. पहिल्या आघातात त्यावरचे बल १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त जाता कामा नये आणि दोराने असे किमान पाच आघात सोसले पाहिजेत. जेवढा अधिक दोर मध्ये असेल तेवढा ताण वाटला जातो. चार मीटरची पडझड वीस मीटर दोरावर सौम्य असते, पण पाचच मीटर दोर सोडलेला असेल तर तीच पडझड अंगावर येते. शिवाय जमीनही जवळ असते. म्हणून कड्याच्या तळाजवळच्या चढाईत दोर धरणाऱ्याने सर्वांत सावध असावे लागते.

माझा स्वतःचा अनुभव याच धड्याचा आहे. गेल्या हिवाळ्यात मला सह्याद्रीत एका प्रस्तरारोहण शिबिराला जायला मिळाले. कातळ बेसॉल्टचा होता आणि दोर वरून ओवलेला होता. बिले देण्याची माझी पाळी आली तेव्हा चढणारा मुलगा माझ्यापेक्षा पंचवीस-तीस किलोंनी जड होता. शिबिरार्थींपैकी कोणीतरी म्हणाले, ‘सर, मुलीच्या हाती दोर नको.’ मला ते लागले. पण त्याहून अधिक लागले ते हे की, माझ्याही मनात तेच आले होते.

प्रशिक्षकांनी माझ्या हातातून दोर काढून घेतला नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की, दोर यंत्रातल्या घर्षणाने थांबतो, मनगटाच्या ताकदीने नव्हे. वजनात फरक फार असला तर हलका माणूस वर ओढला जाऊ शकतो, हे खरे आहे आणि त्यावर उपाय आहे. मग त्यांनी माझ्या हार्नेसला मागून एक पट्टी लावून ती मागच्या झाडाला बांधली आणि चढणाऱ्याला हात सोडायला सांगितले. दोर ताठ झाला. माझ्या टाचा उचलल्या गेल्या, मागची पट्टी ताणली गेली आणि तो मुलगा तेथेच, माझ्या डोक्यावर, अधांतरी थांबला. माझा उजवा हात दोरावर होता. तो इतका घट्ट होता की नंतर बोटे उघडायला वेळ लागला.

लीडच्या चढाईत हा हिसका अधिक मोठा असतो, तेव्हा जोडी निवडताना वजनाचा विचार करावा लागतो. पण तो हिशोबाचा प्रश्न आहे, मुलगा की मुलगी याचा नाही. हे मला पुस्तकाने पटवले नसते.

उतरण्याचा धडा

कड्याच्या टोकाला पोचले म्हणजे काम संपले असे वाटते. खरा धोका तेथेच सुरू होतो. वरच्या कड्यांतून दोर ओवण्यासाठी काही वाटांवर चढणाऱ्याला स्वतःची गाठ सोडून पुन्हा बांधावी लागते. त्याआधी त्याने दुसऱ्या पट्टीने स्वतःला कड्याला अडकवून घ्यायचे असते. त्याच वेळी खालच्याला वाटले की हा आता स्वतःच उतरणार आणि त्याने यंत्रातून दोर काढला, तर? म्हणून निघण्यापूर्वीच ठरवायचे की, मी वर जाऊन काय करणार आणि कोणत्या शब्दाला काय अर्थ. कालिम्नोससारख्या ठिकाणी शेजारच्या वाटेवर वेगळ्याच भाषेत तेच ओरडणे चालू असते, तेव्हा आज्ञेबरोबर सोबत्याचे नावही घ्यायचे.

दुसरा धोका साध्या अंकगणिताचा. वाट पस्तीस मीटर उंच असेल तर वर जाऊन परत खाली यायला सत्तर मीटर दोर लागतो. साठ मीटरचा दोर असेल तर चढणारा जमिनीपासून बऱ्याच उंचीवर असतानाच दोराचे टोक यंत्रातून निसटेल. उपाय फुकटचा आहे, दोराच्या मोकळ्या टोकाला एक गाठ मारून ठेवणे. तरीही असे अपघात होत आले आहेत. ही दुसरी चौथीतल्या मुलाला येईल अशी वजाबाकी आहे, पण ती करायची आठवण कोणीतरी द्यावी लागते.

तिसरी गोष्ट बोल्टांची. दगडात रुतलेले पोलाद पाहून ते कायमचे असे वाटते. पण समुद्राकाठच्या चुनखडकात, विशेषतः थायलंडच्या क्राबी किनाऱ्यावर, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट देखील खारी हवा आणि दगडातील क्षार यांमुळे आतून तडकून तुटले. त्यामुळे तेथे टायटॅनियमचे बोल्ट चिकटवून बसवावे लागले. वरून चकचकीत दिसणारा बोल्ट आतून कुजलेला असू शकतो. कोणत्या वाटेवर केव्हा बोल्ट बदलले हे स्थानिक माहितगाराला ठाऊक असते. वाटाड्याचे एक मोल यात आहे.

चांगला वाटाड्या कोणता?

पर्वतीय वाटाड्यांचा आंतरराष्ट्रीय संघ १९६५ साली स्थापन झाला. या कामाला रीतसर प्रशिक्षण आणि परीक्षा असतात. तरी प्रमाणपत्रापलीकडे एक कसोटी मला वाचता वाचता सापडली. वाईट शिक्षक शिष्याला आपल्यावर अवलंबून ठेवतो. तो स्वतः गाठ बांधून देतो, स्वतः तपासतो, आणि शिष्य पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच अनभिज्ञ राहतो. चांगला वाटाड्या पहिल्या दिवशी स्वतः तपासतो, दुसऱ्या दिवशी शिष्याला तपासायला लावतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, ‘माझी गाठ पाहिलीस का?’

येथे बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. शिष्यांसाठी वरून दोर लावायला कोणीतरी आधी लीड करून वर जावे लागते. ते काम वाटाड्या करतो. अशा वेळी खाली त्याचा दोर बहुधा शिष्यच धरतो, आणि दुसरा शिष्य त्याच्या मागे आधाराला उभा राहतो. म्हणजे ज्याला सारे येते तो, ज्याला नुकतेच येऊ लागले आहे त्याच्या हाती आपला जीव देतो. हा विश्वास आंधळा नसतो. तो शिकवलेला, तपासलेला आणि पुन्हा तपासलेला असतो. माझ्या मते शिक्षणाचा अर्थ याहून वेगळा नाही.

समारोप

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख मला कळली नाही. सूचना फलकावर लागली होती, पण त्यातले दोन शब्द मला समजले नाहीत आणि कोणाला विचारायची लाज वाटली. सगळ्यांना कळते, मलाच कळत नाही, असे दिसू नये म्हणून मी फलकासमोरून मान हलवत निघून गेले. अर्ज राहिला. त्या वर्षी बाबांनी ओव्हरटाइम केला. दोष कोणाचा नव्हता, माझी गाठ अर्धी होती आणि मी ती जाकिटाखाली झाकली होती.

या वर्षी जुलैत फलकासमोर एक नवी मुलगी अशीच उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटले, ‘अगं, यातलं काही अडलं का?’ ती आधी ‘नाही’ म्हणाली. मग थोड्या वेळाने माझ्या मागे मागे ग्रंथालयापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, ते साक्षांकित म्हणजे काय असतं?’ आम्ही दोघींनी बसून तिचा अर्ज भरला. भरून झाल्यावर मी तिला माझाही अर्ज तपासायला दिला. तिने त्यातली एक चूक काढली. बँकेच्या खाते क्रमांकातला एक आकडा मी गाळला होता.

कालिम्नोसचा कडा मी कधी पाहीन की नाही हे सांगता येत नाही. आमच्या भागातला चुनखडक आडव्या थरांचा, खाणीत फोडला जाणारा आहे. त्यावर चढायला कोणी येणार नाही. पण बाबा उद्या सकाळी त्याच दगडावर उभे राहतील. परवा फोनवर मी त्यांना विचारले, ‘बाबा, दोर लावता ना?’ ते म्हणाले, ‘लावतो. अन् त्या पोराले रोज विचारतो, पाह्यलं का रे माह्या मागं?’